लिबार्दोची नवी फुफ्फुसं

१

लिबार्दो वानेगासला शवागारात नेऊन तास झाला नसेल, तोवर त्याच्या बहिणीनं सगळ्या वॉर्डासमोर सांगून टाकलं, की तिच्या भावाचा खून झालाय आणि तो त्याच्या बायकोनंच केलाय.

"विष दिलंय हिनं!" एर्मिल्दाबाई ओरडत होत्या. "हिरड्यांतून रक्त, अंगभर निळे डाग. ताप आला म्हणून असं मरतं का कुणी? सांगा ना!"

त्यांची भावजय दिओसेलिना भिंतीला टेकून उभी होती. लिबार्दोचा थोरला मुलगा वेयमार, पहिल्या बायकोचा, दोघींच्या मधे उभा होता आणि नुसता जमिनीकडे बघत होता.

मी नोएलिया. मेदेयीनच्या त्या हॉस्पिटलात समाजसेविका आहे. डॉक्टर आजाराशी बोलतात, मी आजाऱ्याच्या माणसांशी बोलते. लिबार्दोला मी चांगली ओळखत होते. आमागाच्या कोळशाच्या खाणीत त्याचं तारुण्य गेलं आणि खाणीनं त्याच्या फुफ्फुसांत धूळ भरून त्यांचा दगड केला. पुढे ऑक्सिजनची नळी लावल्याशिवाय त्याला शर्टाची बटणंही लावता येईनात. मग एका अनोळखी, मेलेल्या तरुणाची फुफ्फुसं त्याला मिळाली. शस्त्रक्रियेनंतर तो पहिल्यांदा जिना चढला, तेव्हा वरच्या पायरीवर थांबून त्यानं शीळ घातली. धड सूर नव्हता तिला, पण खालच्या मजल्यावरच्या नर्सनी टाळ्या वाजवल्या होत्या.

घरी गेला आणि दोनेक महिन्यांत तापानं फणफणून परत आला. शरीर परकं फुफ्फुस नाकारतंय असं समजून डॉक्टरांनी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वाढवली. ताप उतरला नाहीच, उलट रक्तातल्या पेशी भराभर कमी होत गेल्या. शेवटी शेवटी त्याला आपली बायकोही ओळखू येईना.

एर्मिल्दाबाई फिर्याद द्यायला निघाल्या होत्या. मी त्यांना कसंबसं बसवलं आणि दोनेक तासांनी तळघरात डॉक्टर बेरेनिसे कास्त्रियोनकडे गेले. शवविच्छेदनाचं काम त्यांचं. साठीच्या, ठेंगण्या, नवऱ्याचा जुना लोकरी स्वेटर घालून थंडगार खोलीत गुळाच्या गोळ्या चघळत बसणाऱ्या. "माझे पेशंट तक्रार करत नाहीत, म्हणून मी इतकी वर्षं टिकले," असं त्या स्वतःच म्हणायच्या.

हातमोजे काढत त्या बाहेर आल्या.

"बहीण विष म्हणते ना?"

"हो. तुम्ही सांगा तिला की तसं काही नाही."

"कसं सांगू? तिचं अर्धं खरं आहे. पानथरी, म्हणजे प्लीहा, फुगून दुप्पट झालीय. हाडांचा मगज रिकामा पडत चाललाय." त्यांनी तोंडातली गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. "कुणीतरी याचं रक्त आतून संपवलंय, नोएलिया."

२

विषाची फिर्याद पोलिसांकडे जायच्या आधी मला घरच्यांशी एकदा बोलू दे, असं बेरेनिसेबाई म्हणाल्या. माझ्या छोट्या खोलीत एकेकाला बोलावलं. दिओसेलिना आधी आली. नवऱ्याहून बरीच लहान. एर्मिल्दाबाईंच्या भाषेत 'नळीसकट म्हातारा गाठणारी'.

"गोळ्या कोण द्यायचं?" बाईंनी विचारलं.

"मी. सकाळ-संध्याकाळ, घड्याळ लावून."

"कधी चुकल्या? कधी दोनदा दिल्या गेल्या?"

"डॉक्टर, त्या गोळ्यांसाठी मी झोप सोडली होती." तिचा आवाज फाटला. "दोनदा कशी देईन?"

प्रश्न नेमका होता. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या काही गोळ्या जास्त झाल्या तर मगज सुकतो, रक्त घटतं, आणि ते विषासारखंच दिसतं. पण लिबार्दो दाखल झाला तेव्हाच्या रक्ताच्या तपासण्या बेरेनिसेबाईंनी आधीच मागवून घेतल्या होत्या. गोळ्यांचं प्रमाण जितकं हवं तितकंच होतं.

"तुझ्यावर माझा संशय नाही," बाई म्हणाल्या. "पण काहीतरी लपवतेयस तू. घरात तो कुठे झोपायचा विचारलं, की छताकडे का बघतेस?"

दिओसेलिनानं शाल घट्ट ओढून घेतली. "आम्ही नणंदेच्या घरी राहत होतो. बेय्योला. वरच्या खोलीत. बास, एवढंच."

मग एर्मिल्दाबाई. त्या बसल्याच नाहीत.

"तुम्ही त्याला काय पाजत होतात?" बेरेनिसेबाईंनी थेट विचारलं.

"मी? आवे मारिया! मी त्याची सख्खी बहीण!"

"बहिणीच जास्त पाजतात. माझीही पाजते."

एर्मिल्दाबाई मटकन खाली बसल्या. "गुळाच्या पाण्यात सतापाचा पाला उकळून. आईनं आम्हाला तेच पाजून वाढवलंय. रोज एक पेला."

"ताप यायच्या आधीपासून की नंतर?"

"नंतरच. बरा असता तर त्यानं तोंडाला लावलं असतं का ते कडू?"

"मग तुमचा पेलाही सुटला," बाई म्हणाल्या. "ताप आधी आला."

"म्हणजे मी?" एर्मिल्दाबाईंचा आवाज चढला. "माझ्यावर संशय होता तुमचा?"

"माझा सगळ्यांवर असतो. डॉक्टरांसकट."

त्या संध्याकाळी मी निघायच्या बेतात असताना तळघरातून फोन आला. "खाली ये. आणि रिकाम्या पोटी असशील तर आधी काहीतरी खाऊन घे. मला गुन्हेगार दिसलाय, पण तो एकटा नाही."

३

सूक्ष्मदर्शकाखाली लिबार्दोच्या हाडातला मगज होता. मला त्यातलं काही कळत नाही. जांभळे, गुलाबी ठिपके तेवढे दिसले.

"ही मोठी पेशी बघ. पहारेकरी समज. बाहेरचं जंतूबिंतू आलं तर गिळायचं, हे तिचं काम. हिच्या पोटात काय आहे?"

"लाल गोळे."

"लिबार्दोचंच रक्त. पहारेकऱ्यांनी घरातली माणसं खायला सुरुवात केली. क्वचित होतं असं. अंगात एखादा जंतू शिरतो, हे त्याच्यावर धावून जातात, आणि मग थांबायचं कसं तेच विसरतात. फुफ्फुस बदललेल्या माणसात तर मी आयुष्यात दुसऱ्यांदा पाहतेय."

"म्हणजे विष नाही."

"विष नाही. पण यांना पिसाळलं कुणी?" त्यांनी काच जराशी सरकवली. "आता बघ."

त्याच पेशीच्या पोटात, लाल गोळ्यांच्या शेजारी, बारीक बारीक ठिपके होते. प्रत्येकाभोवती पांढरं कडं.

"बुरशी," बाई म्हणाल्या. "मातीत वाढते. पक्ष्यांची विष्ठा, वटवाघळांची विष्ठा पडते तिथे. माती उकरली की धुळीबरोबर छातीत जाते. तुझ्यामाझ्यासारख्यांना चार दिवस खोकला आणि संपलं. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला मात्र..."

त्यांनी काच बाजूला काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिघांनाही खोलीत बसवून त्यांनी सगळं समजावून सांगितलं. कुणी विष दिलेलं नाही, कुणाची गोळी चुकलेली नाही. दिओसेलिनानं डोळे मिटले. पहिल्यांदाच तिचे खांदे सैल पडलेले दिसले. मग बाईंनी शेवटचा प्रश्न विचारला.

"घराजवळ कुठे कोंबड्या, पक्षी, वटवाघळं?"

एर्मिल्दाबाईंनी मान हळूहळू वळवली आणि भाच्याकडे पाहिलं.

"बोल ना," त्या म्हणाल्या. "सांग त्यांना तुझी कबुतरं कुठे असतात ते."

४

कबुतरं गच्चीवर होती, लिबार्दोच्या खोलीच्या बरोबर वर. पत्र्याच्या खुराड्यात तीसेक पक्षी. घरी सोडताना आम्ही कुटुंबाला पढवतो: पाळीव पक्षी नकोत, कुंड्यांची माती नको, धूळ नको. तिघांनी माझ्यासमोर माना डोलावल्या होत्या.

"मी हलवणार होतो," वेयमार म्हणाला. तिशीचा, धिप्पाड, बस चालवणारा माणूस; बोलताना बोटं मोडत होता. "पप्पाच नको म्हणाले. म्हणाले, खाणीत आयुष्य काढलं, मला आभाळात काहीतरी उडताना बघू दे. संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाकून बसायचे. मी सोडलेली कबुतरं परत येईपर्यंत उठायचे नाहीत. मला म्हणाले, हॉस्पिटलात कुणाला सांगू नकोस, आरडाओरडा करतील."

"आणि तू ऐकलंस!" एर्मिल्दाबाई उसळल्या. "बापाच्या डोक्यावर रोज ती घाण झाडत होतास! मी या बिचारीला खुनी म्हटलं, आणि खुनी तर माझ्याच घरात जेवत होता!"

"आत्या..."

"आत्या म्हणू नकोस मला!"

दिओसेलिना मधे पडली. "मलाही ठाऊक होतं. मीच खुर्ची नेऊन ठेवायचे." पण ते कुणी ऐकून घेतलं नाही. वेयमार दार उघडंच टाकून निघून गेला.

बेरेनिसेबाईंचा चेहरा पडला. "मी हे सगळ्यांसमोर विचारायला नको होतं," त्या पुटपुटल्या. "मेलेल्यांत राहून माणसाला काही रीतभात उरत नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बेय्योला गेलो. डोंगरउतारावरची विटांची घरं, गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे, समोरच्या दरीत धूर. दिओसेलिनानं आम्हाला वर नेलं. खुराड्याचं दार सताड उघडं होतं. आत काही हालचाल नव्हती. कोपऱ्यात एक गोणी होती आणि तिच्यातून एक करडा पंख बाहेर आला होता.

"काल आल्या आल्या," दिओसेलिना हलक्या आवाजात म्हणाली. "वेयमारनं एकेकाला हातात घेऊन मान मुरगळली. प्रत्येकाचं नाव ठेवलं होतं त्यानं. मी आडवी गेले, पण थांबला नाही. आता खाली बसलाय. जेवत नाही, बोलत नाही. मला भीती वाटतेय डॉक्टर, त्याच्याकडे बघून."

बेरेनिसेबाई खुराड्यात वाकल्या. पत्रा तापलेला, विष्ठा वाळून खडखडीत झालेली. "या बुरशीला ओल लागते, अंधार लागतो," त्या स्वतःशीच म्हणाल्या. चिमूटभर माती त्यांनी डबीत घेतली, पण मन दुसरीकडेच होतं. उठल्या त्या गुडघा धरून.

"लिबार्दोच्या छातीचा पहिला फोटो कुठे असेल?"

"कुठला पहिला?"

"शस्त्रक्रियेनंतरचा. घरी यायच्या आधीचा. या गच्चीवर पाऊल टाकायच्या आधीचा."

५

तो फोटो त्यांनी मला माझ्याच खोलीतल्या पडद्यावर दाखवला. उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी एक पांढरा ठिपका होता, मिरीएवढा.

"शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसाचा. हा ठिपका सर्जननी पाहिला होता. जुना व्रण म्हणून सोडून दिला. चूक नव्हती त्यांची. आपल्या या डोंगरांत निम्म्या लोकांच्या छातीत असे ठिपके सापडतील. आणि हे बघ." त्यांनी काचेच्या बशीत एक बारीक तुकडा ठेवला. "काल पुन्हा खाली जाऊन याच जागी कापलं. सुरीला खडा लागला."

"खडा?"

"चुना. शरीर बुरशीला मारू शकलं नाही, तर तिला चुन्याच्या भिंतीत कोंडून टाकतं. पण अशी भिंत महिन्या-दोन महिन्यांत उभी राहत नाही. वर्षं लागतात. आता तू सांग, ही फुफ्फुसं लिबार्दोकडे किती काळ होती?"

मी बोटांवर महिने मोजले.

"त्याची स्वतःची फुफ्फुसं तर आम्ही काढून टाकली होती," मी म्हणाले. "म्हणजे हा ठिपका लिबार्दोचा नाहीच."

"नाही. ज्यानं फुफ्फुसं दिली त्याचा. बुरशी भिंतीत झोपलेली होती. आम्ही लिबार्दोला औषधं दिली, भिंत ढासळली. ताप आला, आम्ही औषधं वाढवली, सगळी दारं उघडली. शेवटी पहारेकरी पिसाळले. गच्चीचा यात काही संबंध नाही."

त्या एकदम थांबल्या. तोंडातली गोळी त्यांनी कडकन फोडली.

"नोएलिया. त्या मुलाचं आणखी काय काय दिलं होतं?"

तो मुलगा अपघातात गेला होता, त्यात त्याचं बरंच काही चिरडलं होतं. फुफ्फुसांखेरीज एकच मूत्रपिंड वापरता आलं होतं, आणि ते पेरेइराला गेलं होतं, कुणा बाईला. अवयव वाटणाऱ्या कार्यालयातून मी तिथल्या डॉक्टरचा नंबर मिळवला. बाईंनी फोन माझ्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला.

"तुमची ती मूत्रपिंडाची पेशंट कशी आहे?"

पलीकडचा तरुण डॉक्टर थोडा घोटाळला. "आत्ता? फारशी बरी नाही. ताप उतरत नाही. शरीर नाकारतंय असं दिसतंय. आज औषध दुप्पट करतोय."

"करू नका!" बेरेनिसेबाई इतक्या जोरात ओरडल्या की बाहेरची नर्स दारात आली. "पोरा, हातातलं खाली ठेव आणि माझं ऐक."

माती तपासायला गेली होती. तिचं उत्तर यायला आठवडे लागणार होते. पण वेयमारला तेवढी वाट बघायला लावणं शक्य नव्हतं. पेरेइराहून तपासणीचं उत्तर आल्या आल्या आम्ही पुन्हा बेय्योला गेलो. तो स्वयंपाकघरात बसला होता, समोर गार झालेली मक्याची भाकरी, आरेपा. एर्मिल्दाबाई ओट्याशी पाठ करून उभ्या होत्या.

बेरेनिसेबाईंनी खुर्ची ओढली आणि ठिपका, चुना, पहिला फोटो, सगळं सावकाश सांगितलं. पेरेइराची बाई या घराजवळ कधी फिरकली नव्हती, कबुतर तिनं पाहिलं नव्हतं, तरी तिलाही तोच ताप होता. तिच्या मगजातही तेच ठिपके सापडले होते.

"तुझे वडील गच्चीवर बसल्यामुळे गेले नाहीत," त्या म्हणाल्या. "त्यांना जे घेऊन गेलं ते ऑपरेशनच्या टेबलावरून उठतानाच त्यांच्या आत होतं."

वेयमारनं आपल्या हातांकडे पाहिलं.

"मग कबुतरं?" त्यानं विचारलं. "त्यांचं काहीच...?"

"काहीच नव्हतं."

तो रडायला लागला. बापाच्या शवापाशीही तो रडला नव्हता. एर्मिल्दाबाई ओट्यापासून वळल्या, पुढे आल्या, थबकल्या. भाच्याला जवळ घ्यायचं त्यांना जमलं नाही. त्यांनी गार आरेपा उचलली आणि पुन्हा तव्यावर टाकली. दिओसेलिनानं मुकाट्यानं लोण्याचा डबा त्यांच्यापुढे सरकवला. त्या घरात त्या दिवशी समेट झाला असेल तर तो एवढाच.

६

काही आठवड्यांनी गच्चीवरच्या मातीचं उत्तर आलं: तिच्यात बुरशी नव्हती. एक गोष्ट राहिली होती. बुरशी आली कुठून, हे आरोग्य खात्याला हवं होतं. त्या जागी आणखी कुणी जात असेल तर त्यालाही धोका होता. म्हणून आम्ही आर्लेच्या गावाला गेलो. आर्ले म्हणजे तो मुलगा, मोटरसायकलवरून पडून गेलेला. त्याचे अवयव द्यायला त्याच्या आईनं होकार दिला तेव्हा तिच्या शेजारी मीच बसले होते.

त्याच्या आईचं, रुबिएलाबाईंचं, घर कॉफीच्या मळ्याच्या उतारावर होतं. आम्हाला पाहून त्यांनी तोंडभर स्वागत केलं, बाक पुसला, कॉफी ठेवली.

"आर्ले कधी गुहेत वगैरे जायचा?" बेरेनिसेबाईंनी विचारलं. "वटवाघळं असलेल्या जागी?"

"गुहेत नाही. पण चर्चच्या माळ्यावर होती वटवाघळं. चार वर्षांपूर्वी उत्सवाच्या आधी पाद्रीबाबा माणूस शोधत होते साफसफाईला. मीच पाठवलं त्याला. फावड्यानं पोती भरून काढली पोरानं. नंतर आठवडाभर खोकत होता." त्या हसत होत्या. मग आमचे चेहरे पाहून थांबल्या. "का विचारताय?"

मी काहीतरी गोलगोल बोलायला लागले. त्यांनी हातानं मला गप्प केलं.

"ज्यांना त्याचं दिलं, त्यांना काही झालं का? माझ्या पोरामुळे मेलं कुणी?"

खोटं बोलायला मी तयार होते. बेरेनिसेबाई नव्हत्या.

"एकजण गेला," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या पोरामुळे नाही. तुमच्या पोरानं त्या आजाराला केव्हाच हरवलं होतं. शंभर वर्षं जगला असता तरी त्याला काही झालं नसतं. आम्ही आमच्या औषधांनी तो पुन्हा जागा केला."

"माळ्यावर मी पाठवलं त्याला."

"आणि औषध आम्ही दिलं. कुणाला तरी दोष द्यायचाच असेल तर मला द्या, रुबिएलाबाई. माझ्याकडे जागा आहे."

बाहेर कुणीतरी कुत्र्याला हाका मारत होतं. रुबिएलाबाई चुलीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांनी बाहीनं तोंड पुसलं.

"तो माणूस. त्याला फुफ्फुसांचा काही उपयोग झाला का?"

"जिना चढला," मी म्हणाले. "वर जाऊन शीळ घातली."

त्यांनी मान हलवली. "आणि दुसरं कुणी?"

"दुसरी आहे," बेरेनिसेबाई म्हणाल्या. "ती वाचली. वेळेवर कळलं म्हणून. अजून अशक्त आहे, पण सोमवारपासून कामावर जाते."

"काय करते?"

हे सांगायला कायद्यानं बंदी आहे. मी बाकाखालून बाईंच्या पायावर पाय दिला. त्यांनी तो बाजूला केला.

"शिक्षिका आहे. पहिली-दुसरीच्या मुलांना वाचायला शिकवते."

रुबिएलाबाई वळल्या. डोळे वाहत होते, पण ओठ हसायला लागले होते.

"शाळेत?" त्या म्हणाल्या. "आवे मारिया! तिसरीत असताना खिडकीतून पळाला होता तो. कानाला धरून नेला तरी टिकायचा नाही."

त्यांनी आमच्या पेल्यांत पुन्हा कॉफी ओतली. थोडी बाकावर सांडली.

"शाळेत बस म्हणावं त्याला आता," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी बस."